बाधित व्यक्ती

प्रा. भालचंद्र डबीर न्यायालयात बोलायला उभे राहिले की इतर वकील आपापली कामं बाजूला ठेवून मागच्या बाकांवर येऊन बसत. डबीर स्वतः वकिली करत नसत. त्यांनी उभा जन्म विधी महाविद्यालयात राज्यघटना शिकवण्यात घालवला होता. पण कायदेमंडळाच्या अधिकाराचा प्रश्न निघाला की न्यायाधीश त्यांना न्यायमित्र म्हणून, म्हणजे कुठल्याच पक्षाचा नसलेला सल्लागार म्हणून, बोलावून घेत.

त्या दिवशी खंडपीठापुढे शांतता कायदा होता. हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला या कायद्यानं एक पर्याय दिला होता. त्यानं तुरुंगात जावं, नाहीतर शमन करून घेऊन घरी जावं.

शमनाचं यंत्र दिसायला पार्लरमधल्या केस वाळवायच्या टोपासारखं होतं. टोपाच्या आतल्या अंगाला शेकडो बारीक चकत्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक चकतीतून कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघे. एकेक ध्वनिकिरण इतका क्षीण, की कवटीतून आणि मेंदूतून जाताना तो कुठल्याही पेशीला धक्का लावत नसे. पण हे सगळे किरण एकाच जागी येऊन मिळतील असे वळवले, की भिंगानं ऊन कागदावर एकवटावं तसा त्यांचा जोर तिथे एकवटे. ती जागा म्हणजे कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेला बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका. भीती, संताप, अपमानाची आग, सगळं तिथे पेट घेतं. शमनात तो पुंजका कापत नसत, जाळत नसत. ठरावीक लयीतल्या ध्वनीनं त्या पेशी इतक्या मंद करत, की पूर्वी ज्या ठिणगीनं त्या पेटायच्या तेवढ्यानं पेटेनाशा होत. काही बैठकांनंतर हा बदल कायमचा होई. स्मरणशक्ती, बुद्धी, माया, विनोद, सगळं जागच्या जागी राही. लोकांनी त्याला आपला शब्द शोधला होता. ते म्हणत, "त्याला गार करून आणला."

सरकारी वकिलांनी गार झालेल्या माणसांच्या बायकांचे जबाब वाचून दाखवले. नवरा आता हात उगारत नाही, मुलं त्याच्याजवळ बसतात. ते खोटं नव्हतं.

डबीरांना न्यायालयानं एवढंच विचारलं होतं, की माणसाच्या मेंदूला हात घालणारा कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे का. डबीरांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी कुळकायद्यासाठी लाठ्या खाल्ल्या होत्या आणि निवडून आलेल्या सभागृहानं केलेले चांगले कायदे न्यायालयात वर्षानुवर्षं अडकून पडलेले पाहिले होते. कुणी निवडून न दिलेल्या चार शहाण्यांनी लोकांच्या सभागृहाचा हात धरू नये, हे डबीरांनी लहानपणीच घरात ऐकलं होतं. पुढे त्यांनी त्याचा सिद्धांत केला.

"कायदा चुकीचा असेल तर लोकांना राग येईल," ते खंडपीठाला म्हणाले. "तो येऊ द्या. पाच वर्षांनी ते सरकार बदलतील. न्यायालयानं लोकांच्या वतीनं रागावू नये."

निकालपत्रात हे वाक्य जसंच्या तसं उतरलं. कायदा टिकला. बाहेर पडताना याचिकाकर्त्यांच्या बाजूची कनिष्ठ वकील त्यांना जिन्यात भेटली. संघमित्रा रामटेके. त्यांची विद्यार्थिनी, आणि त्यांच्या मते त्यांनी शिकवलेल्यांत सगळ्यात तल्लख. वर्गात ती त्यांना सुखानं तास घेऊ द्यायची नाही. ज्या सभागृहात आमचा आवाजच पोचत नाही त्यानं केलेल्या कायद्यावर आम्ही कुठे दाद मागायची, असं तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. संघटित व्हा, मत द्या, वेळ पडली तर रस्त्यावर या, असं डबीरांनी उत्तर दिलं होतं. जिन्यात ती फार बोलली नाही. तिचे डोळे लाल झाले होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. डबीरांना तिचा अभिमानच वाटला. हरल्यावर असं पेटणारी माणसं आता कमी झालीत, असं ते घरी आल्यावर नलिनीबाईंना, आपल्या पत्नीला, म्हणाले.

पुढच्या अधिवेशनात कायद्यात दुरुस्ती झाली. हिंसक गुन्ह्यांच्या यादीच्या शेवटी 'सार्वजनिक रस्ता अडवणे' एवढे तीन शब्द जोडले गेले. शिवाय तुरुंग निवडणाऱ्याला अपिलाच्या काळात जामीन मिळणार नाही, असंही ठरलं. एका वृत्तवाहिनीनं डबीरांना प्रतिक्रिया विचारली. त्यांना ते तीन शब्द खटकले होते. पण तत्त्व एकदा मांडलं की सोयीप्रमाणे वाकवायचं नाही, अशी त्यांची शिस्त होती. यादीत काय घालायचं हे सभागृहानं ठरवायचं, असं ते म्हणाले.

वडसोंडी हे गाव शहरापासून तासाभराच्या अंतरावर. गावाशेजारी एका कंपनीनं डोंगर फोडून खडी पाडायचे क्रशर लावले होते. धूळ घरात, विहिरीत, जेवणाच्या ताटात. पोरं खोकत. अर्जविनंत्या करून थकल्यावर गावकरी खडीच्या ट्रकांच्या वाटेवर बसले, आणि त्यांची वकील असलेली संघमित्राही त्यांच्यासोबत बसली. सगळ्यांना धरून नेलं.

खटला उभा राहायच्या आधी ती जामिनावर सुटून डबीरांकडे आली. तिची मागणी साधी होती. त्यांनी कोर्टात येऊन सांगावं, की आपण पाठिंबा दिला तो मारहाण करणाऱ्यांच्या शमनाला, रस्त्यावर बसणाऱ्यांच्या नव्हे. त्या एका वाक्यानं दुरुस्तीला आव्हान द्यायला जागा झाली असती. डबीरांनी तिला बसवून घेतलं, चहा दिला, आणि समजावलं. प्रत्येक खटल्यागणिक मत बदलणारा अभ्यासक कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. शिवाय कायद्यात निवड आहे. तिला शमन नको असेल तर सक्ती नाही.

"घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, सर. मुलगी पाच वर्षांची आहे," संघमित्रा म्हणाली. "निवड आहे, हे तुम्ही पुस्तकातून बघून सांगताय."

ती उठून गेली. चहा तसाच राहिला. नलिनीबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी कप उचलला आणि "तुम्ही जायला हवं," एवढंच म्हणाल्या. डबीर गेले नाहीत. तिला आणि वडसोंडीच्या लोकांना शिक्षा सुनावली गेली, त्या दिवशी ते एका परिसंवादाचे अध्यक्ष होते. संध्याकाळी बातमीत त्यांनी पाहिलं, की सगळ्यांनी शमन निवडलं. त्यांनी बातमी बंद केली आणि जेवायला बसले.

पुढचं वर्ष निवडणुकीचं होतं. डबीर त्याच सुमाराला निवृत्त झाले आणि माजी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरवला. भाषणांच्या मध्येच सूत्रसंचालकानं संघमित्रा रामटेके हिचं नाव पुकारलं. ती काय बोलणार हे डबीरांना माहीत होतं. ती बोलेल, सभागृह स्तब्ध होईल, आपण मान खाली घालून ऐकून घेऊ, आणि ते योग्यच होईल. मनातून ते त्याची वाट बघत होते असंही म्हणता येईल.

संघमित्रा व्यासपीठावर आली. थोडी भरली होती, चेहऱ्यावर तकाकी होती. तिनं डबीरांना वाकून नमस्कार केला. या महाविद्यालयात आली तेव्हा तिला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटायची, आणि सरांनी तिला वाद घालायला शिकवलं, हे तिनं सांगितलं. सरांइतका सरळ माणूस आपण पाहिला नाही, असंही ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठेही धार नव्हती, टोमणा नव्हता. टाळ्या पडल्या. गळ्यात हार, मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या डबीरांना वाटलं, आपल्याला इथे भर सभेत उघडं बसवलंय आणि ते एकट्या आपल्यालाच दिसतंय.

कार्यक्रमानंतर ती स्वतःच जवळ आली. बरी आहेस ना, असं त्यांनी विचारलं. छान आहे, ती म्हणाली. झोप लागते, कोर्टात कामं मिळतात, न्यायाधीशांशी खटके उडत नाहीत. वडसोंडीचे लोकही बरे आहेत, सरांनी एकदा यावं.

डबीर गेले. तीच त्यांना घेऊन गेली. गावात शिरण्याआधीच क्रशरचा आवाज येऊ लागला. झाडांची पानं पांढुरकी झाली होती. लोकांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं, ओट्यावर सतरंजी टाकली. चहा आणणाऱ्या बाईनं कपावर ताटली झाकली होती आणि प्यायच्या वेळेलाच ती काढा असं सांगितलं. तिचं नाव शेवंता गेडाम. मागच्या वर्षी ट्रकच्या चाकापुढे सगळ्यात आधी ती बसली होती.

क्रशर अजून चालू आहे, हे डबीरांनी विचारायच्या आधीच दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"चालू आहे जी. आता दोन पाळ्या करतात," शेवंता म्हणाली. "धूळ तं येतेच."

आत एक मूल खोकत होतं. खोकला थांबेना तशी ती उठून गेली, त्याला मांडीवर घेऊन आली आणि पाठ चोळत राहिली. डॉक्टरांनी छाती खराब झाली असं सांगितलंय, तिनं सांगितलं. हे चूक आहे असं तुम्हाला वाटत नाही का, असं डबीरांनी सगळ्यांना विचारलं. चूकच आहे, असं सगळे म्हणाले. एकानं तर कंपनीनं कोणकोणते नियम मोडले ते नीट सांगितलं. मग पुढे काय, यावर ते एकमेकांकडे बघून हसले. काय करणार जी, कुणाशी भांडावं असं वाटतच नाही आता.

निघता निघता डबीरांनी मतदानाचं विचारलं. सगळ्यांनी मत दिलं होतं. कुणाला, तर जे विचारायला आले होते त्यांना. क्रशरला परवानगी देणाऱ्या, कायद्यात ते तीन शब्द घालणाऱ्या आमदाराला वडसोंडीतून पूर्वी कधी मिळाली नव्हती एवढी मतं या वेळी पडली होती.

परतीच्या वाटेवर संघमित्रा गाडी चालवत होती. डबीर खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यभराचा सिद्धांत त्यांच्यासमोर ओट्यावर बसून त्यांना चहा पाजून गेला होता. चुकीच्या कायद्यावरचा इलाज मतपेटीत असतो, हे खरं. पण मतपेटीपर्यंत माणसाला चालवत नेतं कोण? चूक आहे हे कळणं आणि ही चूक मी चालू देणार नाही असं म्हणणं, यांच्यामध्ये काहीतरी पेटावं लागतं. सभागृहाला लोकांवर सगळा अधिकार असेल, तरी सभागृह बदलण्याची लोकांची ताकदच काढून घेण्याचा अधिकार त्याला कसा असेल? तो असला तर ते लोकांचं सभागृह उरतच नाही. मर्यादा तिथे होती. अगदी ढळढळीत. पहिल्या वर्षाच्या मुलीला ती दिसली होती आणि त्यांना दिसली नव्हती. का दिसली नाही, याचं उत्तरही त्यांना गाडीतच सापडलं, आणि त्यानं त्यांचे कान तापले. संताप त्यांनी कायम दुसऱ्यांचा पाहिला होता. त्यांना स्वतःला त्याची गरजच कधी पडली नव्हती.

"संघमित्रा," ते म्हणाले, "तुला माझा राग येत नाही?"

तिनं खरंच विचार केला. "आला होता, ते आठवतं. तुमच्या घरून निघाले तेव्हा स्कूटरची किल्ली लागेना. पण ते आता दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं आठवतं, सर. येत नाही."

"मी चुकलो. मी यायला हवं होतं."

"जाऊ द्या ना सर," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे बघून प्रेमानं हसली.

त्यांनी आजवर कुणाचीच माफी मागितली नव्हती. पहिल्यांदाच मागितली आणि ती अशी मिळाली. देणाऱ्याकडे न देण्याची सोयच नव्हती. ती ताकद काढून घेताना त्यांनीही हात लावला होता.

डबीरांनी स्वतःच्या नावानं याचिका दाखल केली. पहिल्याच सुनावणीला न्यायाधीशांनी अत्यंत आदरानं विचारलं, की या कायद्यामुळे प्राध्यापकांचं काय नुकसान झालं. सरकारी वकिलांनी सांगितलं, की राज्यात हजारो लोकांचं शमन झालं, आणि त्यांतल्या एकानंही आजवर तक्रार केलेली नाही. मग त्यांनी डबीरांच्याच पुस्तकातला एक उतारा वाचला. न्यायालयाचं दार फक्त बाधित व्यक्तीनं ठोठावावं. दुसऱ्याचं दुःख अंगावर घेऊन येणाऱ्या हितचिंतकांना आत घेतलं, तर न्यायालय हेच एक सभागृह होऊन बसेल. वाक्यं रेखीव होती. मागच्या बाकांवर कुणीतरी हलकेच हसलं. डबीर म्हणाले, की ज्यांचं नुकसान झालंय त्यांना ते जाणवू नये हेच तर नुकसान आहे. न्यायाधीशांनी मान डोलावली, त्यांना ते पटलंही असावं. पण पुस्तक त्यांनीही अभ्यासलं होतं. याचिका फेटाळली गेली.

मग ते संघमित्राकडे गेले. तिनं स्वतः अर्ज करावा, अशी त्यांनी विनंती केली. ती लगेच हो म्हणाली. करते की सर. तिनं संगणक उघडला, आणि प्रतिज्ञापत्रात आपलं अमुक नुकसान झालं असं शपथेवर लिहायची वेळ आली तेव्हा थांबली. नुकसान झालंय हे तर्कानं मला कळतं, ती म्हणाली, पण माझी तक्रार नाहीये. शपथेवर खोटं कसं लिहू? तुम्ही म्हणत असाल तर लिहिते.

डबीर घाईघाईनं नको म्हणाले. त्यांनी सांगितलं असतं तर तिनं लिहिलं असतं, हे ध्यानात येऊन ते स्वतःलाच घाबरले.

त्या आठवड्यात एका सकाळी ते बसनं वडसोंडीला गेले आणि खडीच्या ट्रकांच्या वाटेवर मधोमध जाऊन बसले. नलिनीबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि बसायला घडी घातलेली चादर दिली होती. मी थांबवणार नाही, पण सोबतही येणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. तुम्ही उशीर केलात त्याची भरपाई मी का करू? डबीरांना ते बोलणं फार बरं वाटलं होतं. घरात अजून कुणीतरी त्यांच्यावर रागावू शकत होतं.

ऊन चढलं. लोक जमले. शेवंतानं छत्री आणून त्यांच्या डोक्यावर धरली. कुणी ताक आणलं. दोघं-तिघं त्यांना सोबत म्हणून शेजारी बसलेसुद्धा, आणि शेतीच्या, पोरांच्या शाळेच्या गप्पा मारू लागले. तेवढ्यात वळणावर ट्रकचा भोंगा वाजला. सगळे उठले. कपडे झटकले. "सरजी, गाडी येऊन राहिली. सरका बाजूला," शेवंता म्हणाली, आणि ते सरकत नाहीत असं बघून छत्री त्यांच्या हातात देऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ट्रक त्यांच्यापुढे येऊन थांबला. इंजिनाची धग तोंडावर येत होती. मागच्या वर्षी ही बाई इथेच बसली होती, आणि तिला कुणी छत्री दिली नव्हती.

पोलीस आले तेव्हा गावकऱ्यांनीच डबीरांना हाताला धरून उठायला मदत केली.

खटला लवकर उरकला, कारण डबीरांनी गुन्हा नाकारलाच नाही. संघमित्रा त्यांची वकील म्हणून उभी राहिली. तिच्याशिवाय दुसरं कुणी त्यांना नको होतं. निकालाआधी कायद्याप्रमाणे त्यांना समुपदेशक डॉक्टरांकडे नेण्यात आलं. डॉ. काळमेघ म्हणून एक शांत, मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी टोप दाखवला, बैठकांची माहिती दिली, आणि मग थोडं थांबून विचारलं, की तुम्हाला झोप लागत नाही का. कित्येक दिवस लागत नव्हती. डबीरांनी तसं सांगितलं.

"शमनानं फक्त राग जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शरमेची आगही तिथेच पेटते. तीही निवते. पुष्कळ लोक त्यासाठीच आमचे आभार मानतात."

डबीर त्या टोपाकडे बघत राहिले. व्यासपीठावरचा हार, ओट्यावरचा चहा, गाडीतलं ते हसू, यांतलं काहीही रोज पहाटे येऊन छातीवर बसणार नाही. सगळं आठवेल, फक्त दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. त्यांना ते हवं होतं. किती हवंय हे कळल्यावर त्यांना आणखीच लाज वाटली. बाहेर बाकावर संघमित्रा बसली होती. त्यांनी तिचा सल्ला विचारला. वकील म्हणून विचारायलाच हवा होता.

"घ्या ना सर," ती म्हणाली. "तुमची तब्येत बघता तुरुंग झेपणार नाही. आणि खरंच बरं वाटतं. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

त्यांना ठाऊक होतं, ती खोटं बोलत नव्हती.

दंडाधिकाऱ्यांनी निवड विचारली. "तुरुंग," डबीर म्हणाले. शमनाचा पर्याय नाकारणारे ते त्या न्यायालयातले पहिलेच आरोपी होते. कारकुनाला ती नोंद कुठे करायची ते शोधावं लागलं.

आता मात्र ते बाधित व्यक्ती होते. त्यांचा अर्ज कुणाला फेटाळता येईना. भेटीच्या खोलीत ते सांगत आणि संघमित्रा लिहून घेई. ज्या भागात रागाची गरज होती तो भाग ते सांगत. कलमं, दाखले, युक्तिवादाची बांधणी तिची होती, आणि ती पूर्वीइतकीच पक्की होती. लोकांचा विरोध करण्याचा गुणच नष्ट करणारा कायदा विधिमंडळाच्या अधिकारात बसत नाही, कारण त्या अधिकाराचा उगमच त्या गुणात आहे, हे वाक्य त्यांनी मिळून घडवलं. याचिकेत त्यांनी स्वतःच्या जुन्या युक्तिवादाचा उल्लेख केला आणि तो चूक होता असं स्पष्ट लिहायला लावलं. तिला ते अनावश्यक वाटलं. त्यांनी हट्ट धरला.

पावसाळा सरता सरता निकाल लागला. ती तो घेऊन तुरुंगात आली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, दाराशी पहारेकरी. तिनं आदेशाचा शेवटचा भाग वाचून दाखवला. कायदा घटनाबाह्य. यापुढे कुणाचंही शमन होणार नाही. डबीरांची शिक्षा रद्द, दोन-चार दिवसांत सुटका. ज्यांचं शमन झालं होतं त्यांच्याबद्दल न्यायालयानं खेद व्यक्त केला होता. तो बदल उलटवता येत नाही, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं.

"बरं झालं, सर," संघमित्रा म्हणाली आणि कागद नीट जुळवून पिशवीत ठेवू लागली.

डबीर तिच्या हातांकडे बघत होते. जिन्यातली ती मुलगी आज इथे असती तर तिनं काय केलं असतं? टेबलावर मूठ आपटली असती. रडली असती. इतका उशीर का केलात, असं ओरडून विचारलं असतं. ही लढाई तिची होती, ती जिंकलीही तिनंच, आणि ती जिंकल्याचं तिला काही वाटायचं राहून गेलं होतं.

"संघमित्रा, माझं एक काम कर," ते म्हणाले. "मला बोल. मी तुझ्याशी कसा वागलो ते मला तोंडावर सांग. एकदाच."

तिनं पिशवी बाजूला ठेवली. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी हवंय आणि ते आपल्याला देता येण्यासारखं आहे, एवढं तिला समजलं. ती खुर्चीत सरळ बसली. काय म्हणायला हवं ते तिनं मनाशी नीट जुळवलं.

"तुम्ही माझा घात केलात, सर," ती सावकाश, स्वच्छ शब्दांत म्हणाली. "मी तुमच्या दारात आले होते, आणि तुम्ही मला चहा पाजून परत पाठवलंत. मी तुम्हाला कधीही क्षमा करणार नाही."

मग तिनं काळजीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"असं चालेल ना, सर?"